दुपारची खुर्ची

८ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, तेव्हा आपलं पत्रच बरं, हे मला पटलंय. शिवाय फोन लावला की तुमचे बंधुराज शेजारी कान टवकारून उभे. पत्रात निदान मोकळेपणी कण्हता येतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते. केमोच्या बारा डोसांपैकी पाच झाले. पहिल्या दोनातच हातांच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या, म्हणून डिसेंबरात छातीवर पोर्ट बसवला. गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, कातडीच्या आत, कोटाच्या बटणाएवढा. त्याची नळी आतल्या आत मोठ्या शिरेत जाते. दर दुसऱ्या गुरुवारी त्यात सुई टोचतात, सलाईनने धुतात, औषध सोडतात, संपलं की परत धुऊन सुई काढतात. माझे हात सुटले. बाइंडिंगवालीला हात गेले तर उरतं काय? लायब्ररीची तीनशे पुस्तकं शिवायला आली आहेत. म्हणून या वेळेपासून मी सकाळची खुर्ची सोडून दुपारची मागून घेतली. गुरुवारीसुद्धा सकाळचे चार तास कारखान्यात मिळतात.

एकच झालं. परवा सुई लावून थोडा वेळ होतो न होतो तोच अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. सिस्टरांनी दोन पांघरुणं घातली, म्हणाल्या, औषधाने होतं कुणाकुणाला. घरी ताप होता, सकाळी उतरला. तुम्ही चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत. यावर काही उपाय?

यांची तब्येत उत्तम. माझ्या वाटणीचं सूपसुद्धा तेच पितात.

तुमची भावजय


१४ फेब्रुवारी

भावजयबाईंना आशीर्वाद,

एवढंच ना? मी म्हटलं काय झालं. ही औषधं भारी असतात, अंग कसकसतं, थंडी वाजते. चाळीस वर्षांत हजार माणसं पाहिली. उपाय सोपा. गुरुवारी घरून निघताना तापाची एक गोळी घ्यायची, वर पेलाभर पाणी. थंडी येणार नाही, आली तरी तुला कळणार नाही.

पोर्टची जागा ओली ठेवू नकोस, खाजवू नकोस. बाळ्याला सांग, बावन्न वर्षांचा झालास, आता स्वतःचं सूप स्वतः कर. त्याला मी लहानपणी भरवलं त्याचं फळ तू भोगते आहेस, त्याबद्दल क्षमस्व.

पुढल्या डोसनंतर लगेच लिही.

तुझी नणंद


७ मार्च

वन्सं,

तुमच्या गोळीने जादू केली. सहावा आणि कालचा सातवा, दोन्ही डोस पार पडले. थंडी आली, पण पायाशी येऊन परत गेल्यासारखी. सिस्टरांना सांगितलंसुद्धा नाही. घामाने ब्लाउज भिजला तेवढाच.

न सांगण्याचं कारण सांगते. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ बसायचे, घडीघडी टोपी काढून डोकं पुसणारे. आम्ही त्यांना टोपीवालेच म्हणतो. त्यांना ताप आला, पोर्टात जंतू निघाले. पोर्ट काढला, डोस थांबवले, घरी पाठवलं. त्यांची खुर्ची दोन गुरुवार रिकामी आहे. पलीकडे एक गणिताच्या बाई बसतात, आम्ही त्यांना शाळाबाई म्हणतो. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ताप म्हणालात की पोर्ट गेला, पोर्ट गेला की डोस गेले." तेव्हापासून आम्ही दोघी अगदी ठणठणीत असतो.

माझ्या हातांत आता एकही शीर उरलेली नाही, वन्सं. हे बटण गेलं तर उरलेले पाच डोस कुठून घालणार? मला बाराच्या बारा घ्यायचे आहेत.

इथवर काल लिहिलं आणि पेन ठेवलं, कारण अक्षर नाचायला लागलं होतं. आज बरी आहे. पुस्तकं एकशे चाळीस झाली.

तुमची भावजय


१३ मार्च

भावजयबाई,

त्या टोपीवाल्यांचं ऐकून मला राहवेना. पोर्टात जंतू आपोआप येत नाहीत, अस्वच्छतेने येतात. आणि तू दिवसभर काय करतेस? जुन्या पुस्तकांची धूळ, उंदरांनी कुरतडलेले पुठ्ठे, आणि तो तुझा खळीचा डबा. मी मागे आले होते तेव्हा त्या खळीचा वास दोन खोल्या ओलांडून माझ्या चहात आला होता. असल्या कारखान्यात छातीला भोक असलेल्या बाईने बसू नये. डोस संपेपर्यंत काम बंद कर. पुस्तकं तीनशे वर्षं थांबली आहेत, तीन महिने थांबतील.

राग आला तर येऊ दे. मी सिस्टर आहे, गोड बोलायचा पगार मला कधी मिळाला नाही.

तुझी नणंद


५ एप्रिल

वन्सं,

राग आला होता. म्हणून तीन आठवडे लिहिलं नाही. आज लिहितेय, तेव्हा आधी खळीबद्दल.

तुम्ही आलात तेव्हा माझे सासरे, म्हणजे तुमचे वडील, डबा सांभाळत होते. ब्रश थेट डब्यात बुडवायचे. खळ संध्याकाळपर्यंत आंबायची. मी हातात घेतल्यापासून मोठ्या डब्यात कुणाचा ब्रश जात नाही. रोज सकाळी लागेल तेवढी खळ वाटीत काढायची, झाकण लावायचं, आणि वाटीतली उरली तर फेकायची, डब्यात परत ओतायची नाही. माझी खळ चार दिवस ताजी राहते. छातीला भोकही नाही, वर कातडी आहे. तेव्हा तुमचा वार फुकट गेला.

आता बातमी. आठवा डोस झाला. परवाच्या गुरुवारी नववा होता, तो मिळाला नाही. पांढऱ्या पेशी फार खाली आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर थांबू, दहा तारखेला या. सिस्टरांनी नुसता पोर्ट धुतला आणि सोडलं. डोस नाही, दुपारी फक्त पोर्ट धुवायला या, असं सकाळीच कळलं होतं म्हणून गोळीही घेतली नव्हती. रिक्षात बसते न बसते तोच हुडहुडी भरली. घरी यांनी घरातली सगळी पांघरुणं माझ्यावर रचली, वर स्वतःचा कोट. ताप एकशे दोन. मग उतरला. मनाला लागलं असणार, दुसरं काय? एवढी मनाची तयारी केली होती आणि हात हलवत परत.

दहा तारखेला मात्र गोळी घेऊनच जाईन. कुणाला कळू देणार नाही.

तुमची भावजय


८ एप्रिल

भावजयबाई,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू इस्पितळात असशील. तुझं पत्र आज सकाळी अकराला आलं, सव्वाअकराला मी बाळ्याला फोन केला. तो काय म्हणाला मला ऐकू आलं नाही, मी काय म्हणाले ते त्याच्या आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. तिला आत्ता घेऊन जा, गोळी देऊ नकोस, डॉक्टरांना सांग पोर्ट धुतला की अर्ध्या तासात थंडी वाजते, एवढंच तीनदा सांगितलं आणि ठेवला.

आता कारण लिहिते. त्या गुरुवारी तुला औषध दिलंच नव्हतं. नुसती नळी धुतली. तरी अर्ध्या तासात थंडी भरली. मग ती औषधाची कशी? मनाला लागलं म्हणून माणूस रडतं, एकशे दोन ताप येत नाही. जंतू नळीत घर करून बसलेत आणि धुतलं की रक्तात जातात. पांढऱ्या पेशी खाली असताना हे म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

तुझी पत्रं पुन्हा वाचली. फेब्रुवारीत तू मला नीट सांगितलं होतंस, सुई लावली आणि थंडी भरली. कुठल्याही नव्या पोरीला मी यावर शिकवलं असतं, ताप झाकायचा नाही, ताप हीच या रोग्यांची हाक असते. आणि तुला मी गोळी घे म्हणाले. दोन महिने तुझी हाक मी दाबली. वर तुझ्या खळीला नावं ठेवली.

डॉक्टरांना असंच सांग: पोर्ट वापरल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजते, फेब्रुवारीपासून, आणि मी गोळी घेऊन लपवली. रक्त पोर्टमधून आणि हातातून एकाच वेळी घ्यायला लावायचं. पोर्ट काढा म्हणाले तर काढू दे. डोस त्या बटणात नसतात गं, तुझ्यात असतात.

चूक माझी आहे. बाळ्याला हे पत्र वाचून दाखव.

तुझी नणंद


१६ एप्रिल

वन्सं,

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, म्हणून थोडक्यात.

हे मला घेऊन गेले तेव्हा मी भांडत होते. दारात डॉक्टरीणबाई भेटल्या. तुमचं वाक्य यांनी पाठ केलं होतं, त्यांनीच म्हणून दाखवलं, अर्ध्या तासात थंडी. त्या चालता चालता थांबल्या. मग सगळं फार भराभर झालं. दोन्हीकडून रक्त घेतलं. हातात शीर सापडायला सिस्टरांनी सहा वेळा टोचलं. पोर्टमधल्या रक्तात जंतू हातातल्यापेक्षा आठ तास आधी उगवले, म्हणजे घर तिथेच. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. एक दिवस रक्तदाब इतका खाली गेला की यांना बाहेर बसवलं. दहा तारखेला, डोसच्याच दिवशी, पोर्ट काढला.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, दहा तारखेला तुम्ही गोळी घेऊन आला असतात आणि मी डोस दिला असता, तर अकरा तारीख तुम्ही पाहिली नसतीत.

तुमचं पत्र यांनी वाचून दाखवलं. मधेच थांबून खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हटलं, वाचा पुढे, तुमच्या ताईने जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केलीय, मला परत ऐकू दे. वन्सं, गोळी तुम्ही सांगितली, लपवलं मी. अर्धंअर्धं घेऊ.

पण आता आठावर अडकले आहे. आज टोपीवाल्यांसारखीच मीही खुर्ची रिकामी टाकून पडले आहे.

एक गोष्ट कुणालाच कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जंतू कातडीवर राहणारा नाही. ओल्या जागी, पाण्यात राहणारा आहे. टोपीवाल्यांना निघाला होता तोच.

तुमची भावजय


२० एप्रिल

भावजयबाई,

तुझं अक्षर पाहिलं आणि पत्र डोळ्यांना लावलं. हे बाळ्याला सांगू नकोस.

आता रडगाणं पुरे. दोन माणसांना एकच पाण्यातला जंतू, म्हणजे तो तुमच्या दोघांच्या घरून आला नाही. पोर्ट धुण्यातून आला. तुझी खळ मी सन्मानाने निर्दोष सोडते.

तू तिथे दर खेपेला तीन तास बसायचीस. तुझी नजर मला माहीत आहे, एक टाका चुकला तर तू दहा फुटांवरून ओळखतेस. डोळे मिटून ती खोली आठव. सिस्टर हात कुठे धुते, काय उचलते, कशात बुडवते, सलाईन कुठून घेते. सगळं लिही. आणि थंडी कुणाकुणाला वाजते ते विचार.

तुझी नणंद


२५ एप्रिल

वन्सं,

डोळे मिटले आणि पहिल्या मिनिटाला दिसलं. इतके दिवस समोर होतं.

खोलीत आठ खुर्च्या. भिंतीला हात धुवायचं बेसिन. बेसिनच्या शेजारी, हाताला सोयीचा म्हणून, एक हूक. त्या हुकाला सलाईनची मोठी बाटली टांगलेली, तिच्या बुचात एक सुई खुपसून ठेवलेली, दिवसभर. सकाळी नवी बाटली लावतात. मग ज्याचा पोर्ट धुवायचा त्याच्यासाठी सिस्टर नवी सिरिंज घेते, त्या सुईला जोडते, भरते, जाते. सिरिंज प्रत्येकाची वेगळी, बाटली सगळ्यांची एक. आणि शेजारी येणारी जाणारी प्रत्येक सिस्टर खळखळून हात धुते. शिंतोडे त्या सुईच्या तोंडावर. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्या कारखान्यात कुणी असा डबा उघडा ठेवला असता तर मी त्याला दारापर्यंत पोचवलं असतं.

शाळाबाईंना बोलावून घेतलं. त्या फळं घेऊन आल्या आणि चेहरा पाडून बसल्या. मी माझं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कबूल केलं, त्यांनाही जानेवारीपासून थंडी वाजते. तिथल्या तिथे त्यांना खाली डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. जाण्याआधी त्यांनी कागदावर एक गणित मांडलं. टोपीवाल्यांना फोन केला, आणखी चौघांना विचारलं. पोर्ट असलेली आम्ही सातजण. थंडी वाजणारे तिघं, तिघंही दुपारचे. सकाळच्या चौघांपैकी कुणालाच नाही. मी स्वतः सकाळी जात होते तोवर मलाही नाही. सकाळी बाटली ताजी, दुपारपर्यंत आंबलेली. शाळाबाई म्हणाल्या, या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क.

मग त्या खोलीच्या इन्चार्ज सिस्टर वॉर्डात आल्या तेव्हा मी त्यांना तो कागद दाखवला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बावीस वर्षं मी अशीच बाटली लावतेय. कुणाला काही झालं नाही."

मी म्हटलं, "सिस्टर, मी तक्रार घेऊन आले नाही. मला अजून चार डोस घ्यायचेत, आणि ते तुमच्याच हातून घ्यायचेत."

त्या पाठ फिरवून गेल्या. कागद मात्र घेऊन गेल्या. फाडला असेल का?

तुमची भावजय


२९ एप्रिल

भावजयबाई,

फाडला नसेल. मी तिच्या जागी असते तर एक दिवस चिडले असते, दुसऱ्या दिवशी बाटलीकडे पाहिलं असतं, तिसऱ्या दिवशी झोप उडाली असती. आज पाचवा दिवस.

तिला वाईट ठरवू नकोस. आमच्या वॉर्डातही अशी बाटली होती. बेसिनजवळ नव्हती, कपाटाजवळ होती, एवढंच आमचं पुण्य. सोय म्हणून सुरू होतं आणि मग पद्धत होते.

इस्पितळात संसर्गावर नजर ठेवणारे डॉक्टर असतात. कागद त्यांच्यापर्यंत जायला हवा. त्यांना म्हणायचं, सकाळी नऊची बाटली आणि दुपारी चारची बाटली, दोन्ही तपासा. आणि हे त्या सिस्टरलाच करू दे. चूक ज्याची त्याने दुरुस्त केली की ती पुन्हा होत नाही. मी अनुभवाने सांगते, गेल्या तीन आठवड्यांपासून मी शेजारणीलासुद्धा गोळी सुचवत नाही.

तुझी नणंद


१६ मे

वन्सं,

बसून वाचा. चष्मा लावा.

कागद फाडला नव्हता. तुमचं पत्र यायच्या आधीच इन्चार्ज सिस्टर स्वतः तो घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. बाटल्या तपासल्या. नऊची स्वच्छ. चारच्या बाटलीत आणि बेसिनच्या नळावर तोच जंतू, माझ्या पोर्टातला. डॉक्टर वॉर्डात येऊन मला म्हणाले, हे कुणी शोधलं? मी म्हटलं, एक गणिताची बाई, एक रिटायर सिस्टर जिला ऐकू येत नाही, आणि खळीचा डबा. त्यांना काही कळलं नाही, पण लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी स्क्रूड्रायव्हर मागवला आणि भिंतीवरचा हूक स्वतःच्या हाताने काढला. आता प्रत्येकाला वेगळी, सलाईन भरलेली, बंद पाकिटातली सिरिंज. पाकीट रोग्यासमोर फोडायचं. पोर्टावरची जागा घासून पुसायची आणि वाळू द्यायची, फुंकर मारायची नाही.

शाळाबाईंच्या पोर्टात जंतू निघाले, पण वेळेत. त्यांना माझ्यासारखं मरणाच्या दारात जावं लागलं नाही. पोर्ट काढला, बारा दिवसांनी नवा घातला.

आता माझं. रक्त दोनदा तपासलं, दोन्हीदा स्वच्छ. सहा तारखेला डाव्या बाजूला नवा पोर्ट बसला. पांढऱ्या पेशी वर आल्या. आणि काल, गुरुवारी, दुपारच्याच खुर्चीत, मी नववा डोस घेतला.

गोळी न घेता. सिस्टरांनी पाकीट फोडलं, धुतलं, आणि थर्मामीटर माझ्या हातात दिला. मी घड्याळ बघत होते. शाळाबाई बघत होत्या. हे दारातून बघत होते. सिस्टर औषधाच्या ट्रॉलीचं काम करता करता बघत होत्या. दहा मिनिटं, वीस, तीस. माझ्या पायांना ऊब होती. चाळिसाव्या मिनिटाला सिस्टरांनी माझ्या हाताला हात लावला, पाठमोऱ्या झाल्या, आणि जरा मोठ्यानेच म्हणाल्या, चला, सोडा पुढचं औषध.

काहीच झालं नाही, वन्सं. आजवर इतकं छान काहीच माझ्या बाबतीत झालं नव्हतं.

तुमची भावजय


२० मे

भावजयबाई,

पत्र चार वेळा वाचलं. मग मजल्यावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, हूक दुसऱ्या भिंतीला लावला असता तर चाललं असतं. त्यांना चहा न देता परत पाठवलं.

उरले तीन. तू मोजतेस तशीच मीही मोजतेय, कॅलेंडरावर, लाल पेन्सिलीने.

तुझी नणंद


२६ जून

वन्सं,

बारा झाले.

घरी येऊन लगेच लिहितेय, चपलासुद्धा काढल्या नाहीत. तीनशे पुस्तकं गेल्या सोमवारी पोचवली आणि आज बारावा डोस. एकही ताप नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद दाखवला. गाठ दिसत नाही. दर तीन महिन्यांनी या म्हणाल्या, येईन.

आज शेजारच्या खुर्चीत कोण असावं? टोपीवाले. त्यांना मी मे महिन्यात पत्र टाकलं होतं, सगळं लिहून. मुलाने परत आणलं, नवा पोर्ट बसला, आज त्यांचा थांबलेला डोस पुन्हा सुरू झाला. टोपी काढून डोकं पुसत मला म्हणाले, तुम्ही जागा धरून ठेवलीत. मी म्हटलं, धरली नाही हो, धुऊन ठेवली.

तुम्हाला सांगायचं ते पुढेच आहे. चार नव्या सिस्टर आज पहिल्यांदा वॉर्डात आल्या होत्या. इन्चार्ज सिस्टर त्यांना काम दाखवत होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, एवढी पाकिटं कशाला फोडायची, एक मोठी बाटली लावली तर पटापट होईल की. शाळाबाईंनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, सिस्टर नियम सांगतील आणि पुढे जातील. त्या माझ्या खुर्चीशी आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी बावीस वर्षं तेच केलं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाटलीमुळे या बाई मरणाच्या दारात गेल्या. हे टोपीवाले, त्या बाई, दोघंही. आणि यांनी मला वाचवलं. आता पाकीट फोड, यांच्यासमोर."

त्या मुलीने फोडलं. शेवटचं धुणं तिच्याच हातून झालं, हलका हात आहे. सुई निघाली, वर छोटी पट्टी. मी उठले तेव्हा टोपीवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्या आठ खुर्च्यांनी वाजवल्या. ज्यांच्या एका हातात सुई होती त्यांनी दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवला. दारात तुमचे बंधुराज लहान मुलासारखे रडत होते. त्यांना मी भरवणार नाही असं सांगितलं, तेव्हा थांबले.

यांनी आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलंय. सहा महिन्यांत पहिल्यांदा महिना संपायच्या आधीच पुढचं पान उलटलं. दहा जुलैला गुरुवार आहे. वन्सं, मला त्या दिवशी कुठेही जायचं नाही.

तुमची भावजय